डबल मार्करचा आकडा आणि आत्तींची भीती

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश. लिहिणारी २७ वर्षांची आहे, घरी द्राक्षबाग, पहिली मुलगी चार वर्षांची. आता पुन्हा दिवस गेलेत, चौदावा आठवडा चालू आहे. नवरा सख्ख्या आत्याचा मुलगा, त्यामुळे सासू म्हणजे लहानपणापासूनची 'आत्ती'. तीन महिने भरल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, या रिवाजापायी सांगलीच्या डॉक्टरांकडे जायला तेरावा आठवडा उजाडला. एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजायची सोनोग्राफी ठीक आली. डबल मार्करच्या रक्ततपासणीत मात्र 'डाऊन सिंड्रोम १:१६०, हाय रिस्क' असं लाल अक्षरात छापून आलं, म्हणजे बाळाची वाढ आणि शिकणं मंदावणारा हा जन्मजात दोष असण्याची शक्यता १६० त एक. डॉक्टरांनी पुढचे दोन मार्ग सांगितले: एनआयपीटी ही रक्ताची तपासणी, नाहीतर पोटातून सुईने पाणी काढून करायची तपासणी. आत्ती म्हणतात, "आमच्या टायमाला कुठलं आलंय मार्कर? चार बाळंतपणं झाली, चारी पोरं धडधाकट. सुई घालून घेशील आणि हातचं पोर घालवशील." जाऊ शेजारणीला सांगते, "पहिली मुलगी ना, म्हणून बघायला निघालीय." नवरा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणतो आणि बागेत निघून जातो. ऑक्टोबर छाटणीत सगळा पैसा गुंतलाय. तिचे प्रश्न असे: नात्यात लग्न केलं म्हणून हे झालं का? पुढची तपासणी केली तर मी बाळाला नाकारतेय असं होईल का? आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीवरच भागवलं तर चालेल का?

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगं करते.

पत्राच्या शेवटी, कागद संपत आला असताना तू एक ओळ लिहिलीस: "रात्री पोटावर हात ठेवून बाळाची माफी मागते." तिथूनच सुरुवात करू. माफी मागण्यासारखं तू काय केलंस? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रक्त दिलंस. त्यावर एक आकडा आला. त्या आकड्याचा अर्थ तुला कुणी नीट सांगितलेला दिसत नाही. बाहेर पेशंट खोळंबलेले असतात, रिपोर्ट हातात पडतो, 'हाय रिस्क' एवढेच दोन शब्द डोक्यात राहतात आणि बाई एसटीत बसून घरी येते. अशा बायका मी खूप पाहिल्यात.

तुमच्या शाळेच्या पटांगणात, तुझ्यासारखाच रिपोर्ट हातात घेऊन १६० बायका बसल्या आहेत असं समज. त्यातल्या १५९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नाही. एकीच्या बाळाला आहे. ती एक कोण, हे डबल मार्करला सांगताच येत नाही, त्याचं ते कामच नाही. ती चाळण आहे. डाऊनची शंका असलेली बाळं निसटू नयेत म्हणून तिची भोकं मुद्दाम बारीक ठेवलेली असतात, त्यामुळे चाळणीत राहिलेले बरेचसे दाणे चांगलेच असतात. शंभर जणींची तपासणी केली तर साधारण पाच जणींना 'हाय रिस्क' येतं आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळं ठणठणीत जन्मतात. २५० त एक किंवा त्याहून जास्त शक्यता आली की पुष्कळ प्रयोगशाळा लाल शाई वापरतात. तुझा आकडा त्या रेषेच्या अलीकडे आला, एवढंच.

तरी तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. पंचविशीतल्या आईच्या बाळाला डाऊन असण्याची शक्यता साधारण १२५० त एक असते, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. तुझ्या वयाच्या मानाने तुझा आकडा मोठा आहे. पण पुढचं काही ठरवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचार. हा हिशेब करताना आठवडे पाळीच्या तारखेवरून मोजलेत की सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून? तुझं वजन आणि जन्मतारीख फॉर्मवर बरोबर भरलीय का? आणि १६० या आकड्यात एनटीचं माप धरलंय, की तो नुसत्या रक्तावर काढलाय? आठवड्याभराच्या चुकीनेही हा आकडा बदलतो. नुसत्या रक्ताचा असेल, तर एनटी धरून तो पुन्हा काढून मागायचा तुला हक्क आहे.

आता नात्याचं. आत्याच्या मुलाशी लग्न झालं म्हणून डाऊनची शक्यता वाढत नाही. डाऊनमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची येते. बहुतेक वेळा हे बीज तयार होतानाच घडतं आणि त्यात नात्याचा हात नसतो. तेव्हा हा दोष तुझ्या वडिलांना नको, आत्तींना नको आणि स्वतःला तर मुळीच नको.

पण नात्याचा वेगळा प्रश्न आहेच आणि तो तुझ्या पत्रात कुठेच नाही. आपल्या सांगली-साताऱ्याकडे मामाची मुलगी करणं इतकं घरचं झालंय की डॉक्टरांना सांगायचंही सुचत नाही. काही आजारांचा सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आला तरच बाळाला आजार होतो. नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले की तो एकच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. कुठल्याही शंभर बाळांमध्ये दोन-तीन बाळांना काही मोठा जन्मजात दोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव बाळं तरीही नीट असतात. पण डबल मार्कर किंवा एनआयपीटी हे आजार शोधत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. थॅलेसेमिया हा रक्ताचा असाच आई-बापांकडून येणारा आजार, त्यासाठी तुझ्या रक्ताची हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी करायला सांग. तुझ्यात वाहकाची खूण दिसली तर नवऱ्याचीही लगेच करायची. दोघंही वाहक निघालात, तर दर बाळंतपणात चारात एक बाळ आजारी जन्मण्याची शक्यता असते.

यासाठी घरातली एक गोष्ट लागेल आणि ती फक्त आत्तींकडे आहे. त्या म्हणतात, चारी पोरं धडधाकट. आपल्याकडे बाई जगलेली मुलं मोजते. न जगलेल्यांबद्दल 'ते राहिलं नाही' एवढंच म्हणते आणि पदर सारखा करते. दुपारी एकट्या सापडल्या की त्यांना हळूच विचार: "आत्ती, आपल्या घरात कुणाचं बाळ राहिलं नव्हतं का? ऐकू न येणारं, उशिरा चालणारं, सारखं रक्त भरावं लागणारं कुणी?" तुमच्या दोन्हीकडचं घर एकच आहे, त्यामुळे एका बाईच्या आठवणीत दोन्ही घराणी सापडतील. त्या जे सांगतील ते कागदावर लिही आणि डॉक्टरांना दाखव. शिकलेल्या सुनेने आपल्याकडे काही विचारलं, याचंही त्यांना बरं वाटेल.

आत्तींच्या भीतीला तू पत्रात 'अडाणीपणा' म्हणालीस. तिथे मी तुझ्याशी सहमत नाही.

पोटातून पाणी काढायची तपासणी आपल्या देशात सत्तरच्या दशकात आली ती बाळातले दोष शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत तिचा वापर मुलगी ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. आज थोडे पैसे घाला, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती दवाखाने उघड लावत. बायकांच्या संघटना त्याविरुद्ध लढल्या, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला असा पहिला कायदा झाला. देशाचा कायदा १९९४ ला आला. म्हणजे आत्तींनी ही सुई तरुणपणी ऐकली असेल ती लेकी मारणारी सुई म्हणून. आणि नंतरही आपल्या भागाने त्यांना काय दाखवलं? २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. २०११ मध्ये साताऱ्यात 'नकुसा' नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळजवळ ओढ्याकडेला १९ भ्रूण सापडले. तासगावपासून म्हैसाळ किती लांब आहे? अशा मुलखात म्हातारी बाई 'तपासणी' शब्दाला दचकते, तर ते तिचं शहाणपण आहे.

जाऊबाईंच्या बोलण्याचं मूळही तिथेच. आपल्याकडे 'बघून घेतलं' या शब्दांचा एकच अर्थ आहे. जी तपासणी कधीच व्हायला नको होती ती चोरून झाली आणि त्या डागामुळे जी व्हायला हवी ती आता संशयापोटी राहून जाते. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. बाई गरोदर आहे हे तीन महिने लपवायचं, तपासणी केली तर ती का केली हे लपवायचं, रिपोर्ट वाईट आला तर तोही लपवायचा. यात बाईला माहिती मिळायची कधी?

जाऊबाईंना सांग की सोनोग्राफीआधी जो एफ फॉर्म भरतात, त्यावर 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' या मजकुराखाली तू स्वतः सही केली आहेस. एनआयपीटी असो की गर्भजल तपासणी, मुलगा की मुलगी हे रिपोर्टमध्ये येत नाही. ते तोंडी किंवा खुणेने सांगणंही गुन्हा आहे. आणि रागावू नकोस, पण तुलाही एक विचारते. घरात कुणाच्या, अगदी तुझ्याही, मनाच्या कोपऱ्यात 'त्यानिमित्ताने कळलं तर बरं' असं आहे का? नसेल तर माझा प्रश्न विसरून जा. असेल तर तपासणीला जायच्या आधी तो कोपरा स्वच्छ कर. या कामात मध्यस्थ म्हणून मिरवणारी माणसं नेमकी अशा वेळी दारात येतात. तसं कुणी आलंच, तर नवऱ्यासमोर सरळ नाही म्हण.

आता पुढचा मार्ग. तपासणी म्हणजे बाळाला नाकारणं, असं तू धरून चालली आहेस. घरातले सगळेही तेच धरून चाललेत. पण माझ्यासमोर अशाही बाया बसल्यात, ज्यांनी तपासणी केली, बाळाला डाऊन आहे हे कळलं आणि बाळ ठेवलं. अशा जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. तो आधी कळला होता, म्हणून त्यांनी बाळंतपण गावात न करता बाळाच्या हृदयाचे डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात केलं. काहीजणींनी कळल्यावर गर्भ थांबवला. काहीजणींनी आधीच ठरवलं की जे असेल ते आपलं, पुढची तपासणी नको. या तिन्ही प्रकारच्या बायकांनी पाप केलंय असं मला कधी वाटलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्या कुणी ठरवलं आणि जिने फक्त मान हलवली तिचं.

म्हणून रक्त द्यायच्या आधी एका रात्री नवऱ्याला समोर बसवून एकच विचार: "रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करू?" उत्तर पक्कं नसलं तरी चालेल. पण 'आला तर बघू' असं म्हणून तपासणीला गेलात, तर ते बघणं तुझ्या एकटीच्या वाट्याला येईल. "तुला योग्य वाटेल ते कर" हे ऐकायला गोड आहे, पण त्यात सगळं ओझं तुझ्यावर टाकून तो मोकळा होतो. बागेवर डावणी आली तर औषध काय मारायचं हे तो तुला एकटीला ठरवायला लावेल का?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीवर भागेल का? अर्धवट भागेल. १८ ते २० आठवड्यांत व्यंगाची सोनोग्राफी होते. त्यात मणका, मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय, हृदयाची रचना दिसते. ती तू कर, काहीही ठरवलंस तरी कर. पण डाऊन असलेल्या अनेक बाळांची सोनोग्राफी अगदी नीट दिसते. तेव्हा ती चांगली आली म्हणून शंका शून्यावर जात नाही, कमी होते. तेवढी शंका पोटात घेऊन सुखाने राहता येत असेल तर हाही मार्ग खरा आहे. सोबत २० ते २४ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून घे.

एनआयपीटीत तुझ्या दंडातलं रक्त घेतात, बाळाला काही होत नाही. दहाव्या आठवड्यापासून पुढे कधीही करता येते. डाऊन असलेल्या शंभरातल्या नव्याण्णव बाळांपर्यंत ती पोहोचते. तरी तीही चाळणच आहे, फक्त खूप चांगली. ती चांगली आली तर बहुतेक बायका तिथेच थांबतात. वाईट आली तर मात्र तेवढ्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, पाण्याच्या तपासणीने खात्री करायची. खर्च हजारांत आहे आणि प्रयोगशाळेप्रमाणे बदलतो, म्हणून आधी दोन ठिकाणी विचार.

पाण्याची तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुईने चार-पाच चमचे पाणी काढतात, सुई बाळाला लागू देत नाहीत. गुणसूत्रांचं उत्तर यातूनच नक्की मिळतं. आत्तींची भीती इथे सगळी खोटी नाही. अनुभवी हातांतही दोनशेत एखादा किंवा त्याहून कमी गर्भ यामुळे पडू शकतो. तुझी डाऊनची शक्यता १६० त एक आहे. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत, म्हणून तुझ्या जागी मी आधी एनआयपीटी केली असती. पण पैशांची सोय एकदाच होणार असेल आणि तुला नक्की उत्तरच हवं असेल, तर सरळ पाण्याची तपासणी करणंही चुकीचं नाही. ती नोंदणी असलेल्या केंद्रातच होते. त्याआधी धोके समजावून सांगून, तुला कळणाऱ्या भाषेत, तुझी लेखी संमती घ्यावी लागते आणि तिची एक प्रत तुला द्यावी लागते. ती प्रत मागून घे.

वेळेचं भान मात्र ठेव. एनआयपीटीला आठवडा-दीड आठवडा, मग गरज पडली तर पाण्याच्या तपासणीच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे. आज चौदावा चालू आहे, म्हणजे विसावा आठवडा फार लांब नाही. गर्भ थांबवायचाच ठरला, तर विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१ पासून बाळात दोष असेल तर चोविसाव्यापर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतं आणि त्यापुढे मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सज्ञान बाईच्या बाबतीत त्या कागदावर सही तिची एकटीची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. हे मी तुला घाबरवायला किंवा भरीला पाडायला सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांना हे माहीतच नसतं, म्हणून लिहिते.

डाऊन असलेलं बाळ म्हणजे घरावर कोसळलेलं संकट, असं तुझ्या पत्रात जिथे-तिथे डोकावतं. ते बाळ उशिरा बसतं, उशिरा बोलतं, शिकायला वेळ घेतं, आजारी जास्त पडतं. ते शाळेतही जातं, माणसं ओळखतं, कामं शिकतं, जीव लावतं. त्याला लहानपणापासून व्यायाम, बोलण्याचे उपचार आणि कानाची, थायरॉइडची तपासणी लागते. लागतो तो पैसा आणि त्याहून जास्त, न थकणारा एक माणूस. तो माणूस बहुधा तूच असशील, म्हणून या निर्णयात तुझा आवाज सगळ्यांत आधी ऐकला पाहिजे. जमलं तर असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या आईला भेट. मिरजेला किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात विचारलंस, तर ओळख करून देतील.

पैशांसाठी अडून बसू नका. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना फाईल दाखवून दुसरं मत घेता येईल आणि कुठली तपासणी कमी खर्चात होईल तेही विचारता येईल. साताऱ्याकडच्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात हेच करावं.

ज्या अजून पहिल्या दोन महिन्यांत आहेत त्यांनी गावाला हवं तर सांगू नये, पण आशाताईंना आणि डॉक्टरांना पाळी चुकल्या-चुकल्या सांगावं. एनटी आणि डबल मार्कर अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच होतात. तीन महिने गुपित ठेवता-ठेवता ती दारं बंद होतात आणि मग चौथ्या महिन्यातल्या क्वाड्रुपल मार्कर या रक्ततपासणीवर भागवावं लागतं. तू अगदी उंबऱ्यावर पोहोचलीस.

तर आता असं कर. या आठवड्यातच सांगलीच्या डॉक्टरांची वेळ घे आणि त्यांना आधीच सांग की वीस मिनिटं हवीत, घरचे येणार आहेत. डबल मार्करचा मूळ कागद, एनटीचा रिपोर्ट, आत्तींनी सांगितलेलं लिहून काढलेला कागद आणि तुझे प्रश्न फाईलमध्ये ठेव. नवऱ्याला छाटणीतून एक दिवस काढायला सांग. आणि आत्तींना बरोबर ने. सुईबद्दलचं जे काय आहे ते त्यांना स्वतः डॉक्टरांना विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस. एसटीत त्यांना मळमळतं असं लिहिलंयस, म्हणून सकाळच्या गाडीने जा आणि त्यांना पुढच्या बाकावर, खिडकीशी बसव.